मंदू कासव आणि ओढ्यापलीकडच्या भिंती

एकाच आठवड्यात दोन पत्रं आली आणि दोन्ही एकाच गावाबद्दल होती, म्हणून आम्ही गेलो. नाहीतर आमच्या अक्का पुण्याच्या पेठा ओलांडून सहसा कुठे जात नाहीत.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी मिळून मुलांसाठी तीन छोटी पुस्तकं केली होती. गोष्टी माझ्या, चित्रं त्यांची. मंदू नावाचं कासव टपाल वाटतं, त्याला उशीर होतो, वाटेत शेवंती शेळी त्याची पत्रं खायला बघते, तळ्याचा मालक टम्मूशेठ बेडूक फुगून वाट अडवतो, आणि शेवटी मंदू पत्र पोचवतो. एवढंच. पण पुस्तकं शाळाशाळांतून गेली. पुढे ती छापणारा छापखानाच बंद पडला आणि आमच्याकडे प्रत्येकाची एकेक प्रत उरली. अजूनही एखादा टक्कल पडू लागलेला गृहस्थ बँकेत माझं नाव वाचून विचारतो, "मंदूच्या गोष्टी तुमच्याच का?" मग मला दिवसभर बरं वाटतं.

पहिलं पत्र अक्कांना आलं. खालापूरकडच्या एका पुढाऱ्यानं ते चांगल्या जाड कागदावर टाइप करून घेतलं होतं. एका गावात आपल्या सात्त्विक चित्रांची भिंतीभिंतीवर विटंबना चालली आहे, आपण लेखी तक्रार दिलीत तर योग्य ती कारवाई करता येईल, असा मजकूर. दुसरं मला, नसीमचं. नसीम माझी अध्यापिका विद्यालयातली विद्यार्थिनी. लग्न होऊन कर्जतजवळ दहिवलीला राहते आणि तिकडच्या एका गावात शाळेवर आहे. तिनं लिहिलं होतं, "बाई, तुमचा मंदू आमच्या गावात भिंतीवर आलाय. अक्कांना कदाचित आवडणार नाही. पण सही करण्याआधी एकदा येऊन बघा. तक्रार गेली तर माझा बायकांचा वर्ग बंद होईल."

"बघायचं काय त्यात," अक्का म्हणाल्या. "चोरी ती चोरी." आणि त्यांनी पिशवीत दोन धुवट नऊवारी, दशम्या आणि तिन्ही पुस्तकं भरली. पुरावा म्हणून.

दहिवली

कर्जतला उतरलो तेव्हा ऊन कोवळं होतं आणि घाटाच्या बाजूचे डोंगर धुरकट निळे दिसत होते. स्टेशनवर वडे तळण्याचा वास सुटला होता. अक्कांनी नाकाला पदर लावला, पण नजर कढईकडेच होती. मी दोन वडे घेतले. दोन्ही मलाच खावे लागतील असं वाटलं होतं, तसं झालं नाही.

नसीम घ्यायला आली होती. सुती साडी, खांद्याला पिशवी, पायात शाळेच्या बाईंच्या असतात तसल्या मजबूत चपला. वर्गात ती सगळ्यांत मागे बसायची आणि सगळ्यांत जास्त प्रश्न विचारायची. आता तिच्या कपाळाजवळ दोन केस पांढरे झालेत. तिच्या नवऱ्याचा टेंपो आहे. त्या टेंपोत पुढे बसून आम्ही दहिवलीला तिच्या घरी गेलो.

घर स्वच्छ, अंगण सारवलेलं, दारात शेवग्याचं झाड. नसीमच्या सासूबाई दारातच म्हणाल्या, "या, या. मंदूवाल्या बाई." आमच्यासाठी त्यांनी नवीन पातेलं काढून त्यात वालाचं बिरडं केलं होतं, सोबत तांदळाची भाकरी. अशी भाकरी आमच्या घरी कुणाला जमत नाही. पांढरी, मऊ, घडी घातली तर तुटत नाही. अक्कांनी आपल्या दशम्या काढल्या आणि नुसता चहा घेतला. सासूबाईंनी आग्रह केला नाही. त्यांनी फक्त विचारलं, "दशम्या दुधातल्या का? आमच्याकडे नारळाच्या दुधात करतात काही काही." मग दोघी अर्धा तास पिठं भिजवण्याबद्दल बोलत होत्या. अक्का अशा वेळी तक्रारीसाठी आल्यात हे ओळखू येत नाही.

जेवण झाल्यावर नसीमनं सगळं सांगितलं. ती ज्या गावात शिकवते ते ओढ्यापलीकडे आहे. (गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या बायकांना तसा शब्द दिलाय.) लावणी-कापणी नसेल तेव्हा दुपारी ती बायकांना लिहावाचायला शिकवते. सुरुवातीला वाचायला पुस्तकंच नव्हती. जी आली त्यांत मोठी माणसं मोठी वाक्यं बोलत होती आणि बायकांना झोप येत होती. तेव्हा नसीमनं माहेरच्या ट्रंकेतली मंदूची पुस्तकं नेली.

"सोपी अक्षरं, मोठी चित्रं," ती म्हणाली. "बायका म्हणाल्या, ही आमची शेळी. दोन महिन्यांत सगळ्याजणी वाचायला लागल्या, बाई. पाट्या होत्या चार आणि बायका सतरा. म्हणून मीच म्हटलं, कोळसा घ्या आणि भिंतीवर लिहा. तिथून सुरू झालं."

"म्हणजे चूक तुझी," अक्का म्हणाल्या.

"हो अक्का," नसीम म्हणाली. "पहिली चूक माझीच."

ओढ्यापलीकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपोनं आम्हाला ओढ्याच्या काठाशी सोडलं. पुढे टेंपो जात नाही. जानेवारीत ओढा घोट्यापर्यंतच असतो. दगडांवरून पाय टाकत जायचं. पावसाळ्यात मात्र चार-चार दिवस गाव तुटतं. मुलं शाळेत येत नाहीत, नसीमला जाता येत नाही, आणि एका बाळंतिणीला झोळीत घालून सहा माणसांनी छातीभर पाण्यातून आणलं होतं. तिथे साकव हवा, म्हणजे पायी जाण्यापुरता लहानसा पूल. त्याचा अर्ज करून तीन पावसाळे झाले होते.

हे नसीम सांगत असतानाच मागे पाण्याचा आवाज झाला. अक्का दगडावरून घसरून ओढ्यात बसल्या होत्या. लागलं काही नव्हतं. चपलेचा अंगठा तुटला होता आणि नऊवारी कमरेपर्यंत भिजली होती. पिशवी मात्र त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती. पलीकडे धुणं धुणारी एक बाई धावत आली. चाळिशीची असेल, आडव्या बांध्याची, काष्टा मारलेली. तिनं काखेत हात घालून अक्कांना उभं केलं.

"दरवर्षी कोन तरी बसतोच हितं," ती म्हणाली. "लागलं का वं माय?"

ती चांगुणाबाई. तिनं अक्कांना घरी नेलं, आपलं लुगडं नेसायला दिलं आणि त्यांचं लुगडं कुंपणावर वाळत टाकलं. हिरव्या चौकडीचं लुगडं आणि पाय अनवाणी, अशा थाटात अक्का पुरावा घेऊन भिंती बघायला निघाल्या.

पहिली भिंत शाळेची. चुन्यावर गेरू आणि कोळशानं मंदू काढलेला. पाठीवर टपालाची थैली, थैलीला कोळ्याचं जाळं, जाळ्यात कोळी. खाली गोल, जपून काढलेल्या अक्षरांत: *मंदू निघाला. साकवाचा कागद घेऊन निघाला. तीन पावसाळे झाले. मंदू निघाला.*

पुढच्या गल्लीत एका गोठ्याच्या भिंतीवर शेवंती शेळी. चष्मा लावून खुर्चीवर बसलेली, समोर टेबल, टेबलावर कागदांचा भारा, तोंडात अर्धा कागद. *शेवंतीला अर्ज आवडतो. मिठाबिगर बी खाते.*

आणि चावडीसमोर, सगळ्यांत मोठा, पानांच्या रसानं हिरवा रंगवलेला टम्मूशेठ. गळ्यात हार, डोक्यावर टोपी, पोट फुगून जमिनीला टेकलेलं. पायाशी फुटलेले दोन नारळ. *टम्मूशेठ फुगला. नारळ फुटला. साकव कुठला?*

मी हसले. आवरायचा प्रयत्न केला, पण आवरेना. माझीच शेळी, माझाच बेडूक, आणि मला कधी सुचलं नाही ते या भिंतीवर होतं. आसपासच्या गावांतली माणसं वाट वाकडी करून हे बघायला येतात, असं नसीम म्हणाली. पुढाऱ्याचं पत्र का आलं तेही कळलं. साकवासाठी दोनदा नारळ त्यांनीच फोडले होते.

अक्का हसल्या नाहीत. त्या परत पहिल्या भिंतीशी गेल्या आणि मंदूसमोर उभ्या राहिल्या. मागे बायका जमल्या होत्या.

"हे कुणी काढलं?"

पुढारी येऊन गेल्यापासून गावात या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही असं ठरलेलं होतं. तरी चांगुणाबाई म्हणाली, "मी काढला. अक्षरं समद्यांची हायेत. चित्तर माजं."

अक्कांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि भिंतीला लावलं. "हा माझा मंदू. याची मान बघ. तुझी मान ही अशी लांब, सापासारखी. पाय असे फाकलेले. माझं चित्र घ्यायचं तर नीट तरी घ्यायचं."

चांगुणाबाईनं पुस्तक हातात घेतलं. पदरानं हात पुसून घेतलं. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "तुमचा मंदू लई गोड हाय. पन माय, तुमी कासव कुटं बघितला?"

मला उत्तर माहीत होतं, कारण त्या वेळी कागद धरून मीच शेजारी बसले होते.

"देवळात," अक्का म्हणाल्या. "गाभाऱ्यासमोर असतं ते."

"दगडाचा?"

"हो."

कुणी हसलं नाही. चांगुणाबाई म्हणाली, "दगडाचा चालत नाय. मंग पाय कसा टाकतो ते कसं कळायचं? चला, दावते."

डोह

गावाच्या वरच्या अंगाला ओढा एका डोहात थांबतो. करंजाची झाडं, काळे कातळ. आम्ही झाडाआड बसलो. चांगुणाबाईनं ओठांवर बोट ठेवलं. पंधरा मिनिटं काही झालं नाही. मग पाण्यातून एक डोकं वर आलं, पाठोपाठ लांब मान, आणि एक कासव कातळावर चढलं. चढलं म्हणजे घसरलं, पुन्हा चढलं. पाय फाकवून, मान पुढे काढून, एखादी म्हातारी बाई एस.टी.च्या पायऱ्या चढते तसं. मग ते उन्हाला पाय ताणून पडलं. मागून आणखी दोन आली.

अक्का बघत राहिल्या. मी त्यांच्याकडे बघत होते. रागाचा मागमूस नव्हता. साठी उलटलेल्या, दुसऱ्याचं लुगडं नेसलेल्या अक्का शाळेतल्या मुलीसारख्या पुढे वाकल्या होत्या.

"मान खरंच तशी आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"मी ल्हानपनापासून बघते," चांगुणाबाई म्हणाली. "गुरं घेऊन यायची हितं."

"आणि रंगवायला कुणी शिकवलं?"

"लग्नघरच्या भिती रंगवते मी. त्याला काय शिकायचं. पन अक्षर काढाया बाईंनी शिकवलं." तिनं नसीमकडे बघितलं. नसीम गवताची काडी मोडत होती.

मग चांगुणाबाई माझ्याकडे वळली. "तुमाला एक इचारू? तुमच्या पुस्तकात मंदू कागुद पोचवतो आन् गोष्ट संपती. तिन्ही पुस्तकांत. मंग पुढं काय व्हतं?"

"पुढे सगळे आनंदात राहतात," मी म्हटलं.

"तसं नाय. कागुद पोचला तर तो वाचतो कोन? उत्तर देतो का नाय? आमी लई शोधलं. ल्हिलेलं नाय."

तीन पुस्तकं लिहिली, कौतुकं झाली, पण पत्र उघडून वाचणारं एकही माणूस मी कुठे दाखवलं नव्हतं. पत्र पोचलं की काम झालं असं मला वाटत होतं, कारण माझी पत्रं पोचत होती आणि त्यांना उत्तरंही येत होती. तिच्या आवाजात दोष देणं नव्हतं. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं, म्हणून मला जास्त लागलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी विचार केला नव्हता."

"असू द्या," चांगुणाबाई म्हणाली. "आमाला बी ठाव नाय अजून."

पोपटी

तिसऱ्या दिवशी कोंडाण्याची लेणी बघायचं ठरलं होतं. ते राहिलं. अक्का सकाळी उठून म्हणाल्या, "डोहावर जाऊ." तिथे त्या दोन तास बसल्या. नसीमच्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं काहीतरी काढत होत्या, कुणी जवळ आलं की वही मिटत होत्या.

दुपारी बायकांनी पोपटी लावली. खरं तर ती संध्याकाळी शेकोटीभोवती करायची गोष्ट, पण आम्हाला परतायचं होतं. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, वांगी, बटाटे, रताळी, मीठ, ओवा, वरून पुन्हा पाला. मडकं शेतात उपडं ठेवून भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. पाणी नाही, तेल नाही. अंडी घातलेलं मडकं वेगळं होतं, आणि चांगुणाबाईनं आमच्या मडक्यावर कोळशानं मोठी फुली मारली होती म्हणजे घोटाळा नको. मडकं उघडल्यावर जो वास आला त्याला मी नाव देऊ शकत नाही. आमच्याकडे हुरडा असतो, त्याच्याशी तुलना करायला गेले तर हुरडा नुसता गोड वाटतो. अक्कांनी पहिल्यांदा एक शेंग घेतली, मग मांडीवर पान ओढून घेतलं. नसीमच्या सासूबाईंनी पाठवलेली तांदळाची भाकरीही त्यांनी त्या दिवशी खाल्ली.

हमरस्त्यावरचं घर

परतताना पुढाऱ्याकडे जायचं होतं. त्यांनी जीप पाठवली होती. चौक गावावरून लोधिवलीच्या दिशेनं जाताना नसीम माझ्या शेजारी बसली होती. अक्का पुढे, मांडीवर पिशवी धरून. त्या काय करणार हे मलाही माहीत नव्हतं, आणि विचारायचं धाडस झालं नाही.

पुढारी पन्नाशीचे, पांढऱ्या झब्ब्यातले, अतिशय अदबीनं बोलणारे. पोहे आले, चहा आला. टेबलावर टाइप केलेली तक्रार तयार होती. फक्त सही बाकी होती.

"अक्का," ते म्हणाले, "तुम्ही कलावंत आहात. मला एकच सांगा. मी बेडकासारखा दिसतो का?"

अक्कांनी चष्मा काढला, पदराच्या टोकानं पुसला, परत लावला. "मान जरा वर करा," त्या म्हणाल्या. त्यांनी केली. "उजवीकडे." तेही केलं.

"नाही," अक्का म्हणाल्या. "बेडकाला हनुवटी नसते. तुम्हाला चांगली आहे."

पुढाऱ्यांचा चेहरा खुलला.

"पण मग तो बेडूक तुम्ही आहात असं तुम्हाला का वाटलं? भिंतीवर नाव तर कुणाचंच नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "लोक बोलतात."

"काय बोलतात?"

"साकवाचं. आता तुम्हीच सांगा, अर्ज वर गेलाय. वेळ लागतो या गोष्टींना."

"तेच लिहिलंय त्यांनी," अक्का म्हणाल्या.

मग त्यांनी तक्रारीचा कागद उलटा केला आणि मागे स्वतःच्या हातानं लिहिलं. ते मला पाठ आहे. *मी त्या भिंती पाहिल्या. ती चित्रं माझ्या चित्रांवरून काढलेली नाहीत. माझं कासव दगडाचं होतं, ते जिवंत कासव आहे. माझी काही तक्रार नाही.* खाली सही.

पुढाऱ्यांनी कागद दोनदा वाचला. रागावले का नाही ते कळलं नाही. त्यांनी आम्हाला जीपनं कर्जत स्टेशनवर पोचवलं आणि सोबत घरच्या चिकूंची पिशवी दिली, हे मात्र सांगायला हवं.

फलाटावर नसीमनं अक्कांचा हात धरला. "वर्ग चालू राहील ना, अक्का?"

"न चालायला काय झालं," अक्का म्हणाल्या. "आणि ते मिठाबिगर बी, ते तसंच ठेव हो. शुद्ध करायला जाऊ नकोस."

वर्ग चालू राहिला. पुढच्या पावसाळ्यात भिंती धुऊन गेल्या, बायकांनी त्या परत सारवल्या. आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात साकव झाला. अरुंद आहे, एकाच बाजूला कठडा आहे, पण झाला. उद्घाटनाला अर्थात पुढारी होते, हार होता आणि नारळही होता. नसीमनं चार पानी पत्र लिहून सगळं कळवलं.

साकवाच्या तोंडाशी संगमरवरी पाटी बसवली होती, तिच्यावर पडदा होता. पडदा सरकवल्यावर पुढाऱ्यांनी हौसेनं म्हटलं, आता गावातल्याच एखाद्या भगिनीनं ही पाटी वाचून दाखवावी. बायकांनी चांगुणाबाईला पुढे ढकललं. ती बोट ठेवून, एकेक शब्द सोडवत, मोठ्यानं वाचत गेली. गावाचं नाव वाचलं, पुढाऱ्यांचं नाव वाचलं, आणि "यांच्या शुभ" इथे येऊन थांबली. परत वाचलं. मग मागे वळून तिनं नसीमला विचारलं, "बाई, हितं 'शुभ हसते' ल्हिलंय. कोन हसतंय?"

पाथरवटानं 'हस्ते'तला जोड सोडवून टाकला होता, आणि पाटी तयार होऊन येईपर्यंत कुणी वाचून बघितली नव्हती. मग पुढाऱ्यांनीच वाकून अक्षरं पाहिली आणि ते पोट धरून हसायला लागले. मग सगळं गाव हसलं.

पाटी बदलून देतो असं ते म्हणाले. बायका म्हणाल्या, राहू द्या.